मळ्यातलं घर आणि कागदातलं घराणं

देशावरचा माणूस लहानपणचं घर आठवायला बसला की बहुतेक वेळा मळ्यातली वस्ती आठवतो. सोप्याच्या भिंतीतलं धान्याचं बळद, दिव्याच्या काजळीनं काळी झालेली देवळी, गोठ्यातून थेट माजघरात येणारा शेणाचा नि वैरणीचा वास. 'आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं घर' असं तो अभिमानानं सांगतो. कागद काढले की मात्र ते आजोबांनी, फार तर पणजोबांनी बांधलेलं निघतं. घराणं जुनं, घर तरणं.

याचं कारण साधं आहे. पूर्वी शेतकरी राहायचा गावठाणात. दरोड्यांच्या नि लुटालुटीच्या काळात शिवारात एकटं बिऱ्हाड करणं म्हणजे जिवाशी खेळ. रात्री वेशीच्या आत असलेलं बरं. मळ्यात माणूस गेला तो विहिरीमागं. आधी मोट, मग तेलाचं इंजिन, मग विजेची मोटर. 1950 साली प्रवरेकाठी लोणीला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढं पश्चिम महाराष्ट्रभर तसे कारखाने उभे राहिले. ऊस वाढला, तसं रात्रीचं पाणी धरायला माणूस शेतावरच हवा झाला. शिवाय वाटण्या होऊन गावातला वाडा भावाभावांना पुरेना, हेही खरंच. ते कोणी मोठ्यानं सांगत नाही इतकंच.

घराण्याचा इतिहास लिहिणं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय, आणि ते आठवणींसाठी कधीच नव्हतं. ते भांडणासाठी होतं. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण यांचा तंटा उभा राहिला की वतनदार आपला करीना सादर करायचा: मूळ पुरुष कोण, वतन कोणाकडून मिळालं, कोणी बळकावलं, कोण कामी आला. गोतसभा, म्हणजे वतनदार नि गावकऱ्यांची पंचायत, बसायची, आणि निवाड्याचा कागद म्हणजे महजर व्हायचा. जपलेल्या अशा कागदांचं मोल कधीकधी घराण्यापुरतं राहत नाही. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली, म्हणजे शकवार घटनांची टिपणं, लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली, आणि शिवाजी महाराजांच्या जन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 ही तिथी तिच्यातून पुढं आली.

इंग्रजी अमदानीत वतनाच्या जागी सर्व्हे नंबर आला. 1830च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पद्धतीची मोजणी सुरू झाली. 1903च्या कायद्यानं हक्कनोंदणी आली. तेव्हापासून घराण्याची खरी बखर तलाठ्याच्या दप्तरात आहे असं माझं मत. सातबारा आजची स्थिती सांगतो. गोष्ट असते ती फेरफारात. कोण कधी वारला, वारस कोण लागले, गहाण कोणाकडं पडलं, कुळाचं नाव कधी लागलं. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन, कूळ कायद्यानं कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं तो दिवस. त्याच्या पुढच्यामागच्या वर्षांतले फेरफार वाचले की एका घराची जमीन गेली नि दुसऱ्याचं घर उभं राहिलं, हे एकाच पानावर दिसतं.

शोधणाऱ्याची दमछाक होते ती दोन ठिकाणी. पहिलं, जमिनीचे तुकडे जोडणाऱ्या एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. म्हणजे आजोबांच्या खरेदीखतातला नंबर आजच्या उताऱ्यावर सापडतच नाही. मधला दुवा म्हणजे एकत्रीकरणाचा जबाब, तो वेगळा मागावा लागतो. दुसरं, जुन्या कागदांतले सन. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, पण दख्खनी फसलीत 590 आणि सुहूर सनात 599 मिळवायचे असतात, आणि वर्षाच्या काही महिन्यांत त्यातही एकाचा फरक पडतो. हे चुकलं की नातू आजोबाच्या आधी जन्मतो. अशा वंशावळी छापलेल्याही आहेत.

घराचं वय काढायला कागदापेक्षा छप्पर बरं. धाब्याची पांढरी माती काढून मंगळुरी कौलं कधी चढली, हे घरातल्या म्हाताऱ्यांना बहुधा कुणाच्या तरी लग्नावरून आठवतं. कौल उलटं करून पाहावं, पोटाला कारखान्याचा शिक्का असतो. त्यावर 1865 दिसलं म्हणून हुरळून जाऊ नये. बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना त्या साली निघाला, तुमचं घर नव्हे.

विसाव्या शतकात कुलवृत्तांत आले, विशेषतः कोकणस्थ घराण्यांचे. लिहिणारे बहुतेक पुण्यामुंबईला नोकरीत स्थिरावलेले, गावच्या घराला कुलूप लावून आलेले. त्यांनी पत्रं धाडून माहिती जमवली, कष्ट अफाट. पण साचा करीन्याचाच राहिला: पुरुष, त्याचं शिक्षण, हुद्दा, आणि शेवटी एका ओळीत मुली, तीही सासरच्या नावानं. गोठा कोणी सांभाळला, बळदातलं धान्य कोण मोजून काढायचं, याला रकाना नाही. बायका कागदावर ठसठशीत दिसतात त्या फेरफारात, आणि तिथं फार वेळा हक्कसोड पत्राच्या निमित्तानं. ज्या आत्यांना घराचा कोपरा न्‌ कोपरा तोंडपाठ, त्यांची नोंद घरावरचा हक्क सोडताना झालेली.

कर्नाटकाच्या सीमेलगत हेळवी, म्हणजे वंशावळी सांभाळणारे फिरते लोक, अजून सुगीनंतर येतात, चोपड्यांतून वंश वाचून दाखवतात, नवी नावं लिहून घेतात आणि धान्य नाहीतर पैसे घेऊन पुढं जातात. इतिहास अद्ययावत ठेवण्याची याहून नेटकी व्यवस्था मला माहीत नाही. छापील कुलवृत्तांत बाइंडिंग होऊन येईपर्यंत दोन जन्म नि एक लग्न मागं पडलेलं असतं.

2023 साली न्या. संदीप शिंदे समितीनं मराठा आरक्षणाच्या प्रश्नात कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि मराठवाड्यापासून सगळीकडं अचानक पणजोबांचा शोध सुरू झाला. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ते दिवस आले. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14, जन्ममृत्यूची नोंद. ते आधी कोणाला ठाऊक नव्हतं, आता पारावर त्याची चर्चा होते. पुन्हा हक्क सिद्ध करायचा आहे म्हणूनच. पण त्या नकला काढायला गेलेल्यांतले काही जण आता म्हाताऱ्या आत्यांना मळ्यात आणून विचारू लागले आहेत, की चूल कुठल्या भिंतीला होती आणि धान्याचं पेव नेमकं कुठं बुजवलं. त्या दाखवतात. दोघींत एकमत होत नाही, तेव्हा दोन्ही जागा लिहून घ्याव्यात.