दशक्रिया विधी (नाशिक)

मृत्यूनंतर दहाव्या दिवशी कुटुंबीय, भाऊबंद आणि गावकरी एकत्र येऊन मृताला निरोप देतात तो विधी. नाशिक शहरात तो मुख्यतः पंचवटीत गोदावरीच्या रामकुंडावर होतो. निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांत गावच्या नदीकाठी किंवा अमरधामालगतच्या शेडमध्ये करतात. ‘दशक्रिया विधी रामकुंड, पंचवटी येथे सकाळी आठ वाजता’ ही ओळ जिल्ह्यातल्या निधनवार्तांमध्ये नेहमी वाचायला मिळते.

वनवासात असताना रामाने दशरथाचे श्राद्ध येथे केले, अशी श्रद्धा आहे. सध्याचे कुंड १६९६ मध्ये बांधले गेले. माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी पुढे त्यात सुधारणा केल्या. कुंडातील अस्थिविलय तीर्थात अस्थी विरघळतात, असे मानले जाते. महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग १९४८ मध्ये येथे विसर्जित झाला. २०१६ च्या दुष्काळात कुंड कोरडे पडले, तेव्हा टँकरचे पाणी आणावे लागले. गोदावरीला नाशिककर ‘गंगा’ म्हणतात आणि दहाव्याला जाणे म्हणजे त्यांच्या बोलीत ‘गंगेवर जाणे’.

अंत्यसंस्कारानंतर राख सावडून अस्थी गोळा करतात. स्मशानात मडक्याला भोक पाडण्यासाठी वापरलेला दगड, म्हणजे जीवखडा, जपून ठेवतात. दहा दिवस त्यावर तिळाचे पाणी सोडतात आणि घरी दिवा तेवत ठेवतात. या काळात कुटुंब सुतकात असते. दहाव्या दिवशी जीवखडा पाण्यात सोडतात, जवळचे पुरुष क्षौर करतात आणि गुरुजी पिंडदान करवून घेतात. हे चालू असताना एका बाजूला हभप महाराजांचे प्रवचन सुरू असते. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे, त्यामुळे या जिल्ह्यात वारकऱ्यांचा वावर मोठा, आणि दशक्रियेला प्रवचन हवेच अशी रीत रुजलेली आहे.

विधीचा गाभा म्हणजे कावळा शिवणे. भाताचा पिंड मोकळ्या जागी ठेवून सगळे मागे सरकतात. पिंडाशेजारी मृताच्या आवडीचे काही ठेवतात: चहाचा कप, भज्यांची बशी, कधी तंबाखूची पुडी. कावळा लगेच आला तर आत्मा तृप्त झाला असे समजतात. नाही आला, तर कुठली तरी इच्छा राहिली आहे, असे धरून घरचे एकेक जण पुढे होतात आणि हात जोडून मोठ्याने बोलतात. ‘अण्णा, आईला आम्ही सांभाळू, काळजी करू नका.’ ‘धाकटीचं लग्न तुमच्या मनासारखं करू.’ वर्षानुवर्षे अबोला धरलेले भाऊ या वेळी साऱ्या गावासमोर जमिनीचा वाद मिटवल्याचे सांगतात. शब्द चारचौघांत दिलेला असतो, त्यामुळे तो मोडणे अवघड जाते. कावळ्यावर विश्वास असो वा नसो, मनातले बोलून मोकळे होण्याची अशी संधी शोकाच्या दिवसांत दुसरी मिळत नाही. विधी टिकून राहण्याचे खरे कारण हेच असावे. फार वेळ गेला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात.

नंतर श्रद्धांजलीची भाषणे होतात. गावचे पुढारी, सोसायटीचे चेअरमन, शाळेतले सहकारी बोलतात. मोठ्या घरच्या दशक्रियेत ही भाषणे लांबतात आणि उन्हात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. एखादा जुना मित्र दोनच मिनिटे बोलतो, ते मात्र लोकांच्या ध्यानात राहते.

बाराव्या दिवशीच्या सपिंडीकरणात मृताचा पिंड वाडवडिलांच्या पिंडांत मिसळतात. तेराव्याला गोडाचे जेवण असते आणि सोयरे दुखवट्याचे कपडे, टोपी-टॉवेल देतात. जिल्ह्याच्या खानदेशाकडील भागात या कार्यक्रमाला गंधमुक्ती किंवा उत्तरकार्य म्हणतात. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याच्या पिढ्या नोंदलेल्या असतात. विधीसाठी आलेल्या कुटुंबाला तिथे पणजोबांचे नाव सापडू शकते.

मुलींनी पिंडदान करणे आता नवलाचे राहिलेले नाही. विधवेच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे हे प्रकार मात्र काही घरांत अजून होतात. दुःखात असलेल्या बाईचा हा उघड अपमान आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये त्यावर बंदीचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले.

पिंड आणि कावळा न मानणारी कुटुंबेही आप्तांना एकत्र बोलावून निरोप देतात. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना विधीची वाट घालून दिली. बौद्ध कुटुंबांत जलदान विधी आणि पुण्यानुमोदन होते. बुद्ध आणि डॉ. आंबेडकर यांच्या प्रतिमांशेजारी मृताचा फोटो ठेवून त्रिशरण-पंचशील म्हणतात, मग आप्तेष्ट आठवणी सांगतात. काही घरे तेराव्याच्या जेवणाचा खर्च टाळून शाळेला पुस्तके देतात किंवा मृताच्या नावाने शेताच्या बांधावर आंब्याचे रोप लावून त्याच्या आळ्यात रक्षा घालतात.