चक वॅगन पाककृती

अमेरिकेतील टेक्सासमधून गुरांचे कळप उत्तरेकडील कॅन्ससच्या रेल्वेस्थानकांपर्यंत हाकत नेणाऱ्या काउबॉयांसाठी चाकांवरच्या स्वयंपाकघरातून रांधल्या जाणाऱ्या पदार्थांना चक वॅगन पाककृती म्हणतात. ‘चक’ हा त्यांच्या बोलीत जेवणाचा शब्द. चार्ल्स गुडनाइट या पशुपालकाने १८६६ मध्ये लष्कराची जुनी गाडी घेऊन तिच्या मागच्या बाजूस खणांची पेटी बसवली. पेटीचे बिजागरीचे झाकण खाली पाडले की कणीक मळायला ओटा तयार होई. काटेरी तारांची कुंपणे, टेक्सासच्या गुरांवरील रोगप्रतिबंधक बंदी आणि लोहमार्गांचा विस्तार यांमुळे १८८० च्या दशकात या मोहिमा ओसरल्या.

या पदार्थांची अस्सल कृती शोधताना मुख्य अडचण अशी की, ती बहुधा कोणी लिहूनच ठेवली नाही. आचाऱ्यांपैकी अनेक जण कृष्णवर्णीय किंवा मेक्सिकन होते आणि त्यांचे प्रमाण मुठीत व नजरेत असे. आठवणी मात्र बव्हंशी जेवणाऱ्यांनी लिहिल्या. त्यामुळे चव कळते, माप कळत नाही. म्हणून अशा आठवणींच्या जोडीला रँचच्या, म्हणजे गुरे पाळण्याच्या विस्तीर्ण मळ्यांच्या, किराणा खरेदीच्या नोंदी आणि १९३० च्या दशकात ‘फेडरल रायटर्स प्रोजेक्ट’ या अमेरिकी सरकारच्या लेखन-प्रकल्पाने वृद्ध काउबॉयांच्या घेतलेल्या मुलाखती ताडून पाहाव्या लागतात.

सर्वांत भरवशाची कसोटी गाडीतल्या शिध्याचीच आहे. पीठ, राजम्याच्या जातीचे पिंटो बीन्स, खारवलेले डुकराचे मांस, कॉफी, सुकवलेली सफरचंदे, काकवी आणि खाण्याचा सोडा एवढ्यावर बहुतेक भागे. ज्या कृतीत ताजे दूध, लोणी वा अंडी सढळ हाताने घातलेली आढळतात, ती रँचवरच्या घरातली किंवा नंतरची असण्याचा संभव अधिक. हजारो गुरे सोबत असली तरी ती अर्धवट रानटी होती, दुभती नव्हेत.

आंबवलेल्या पिठाचे बिस्किट, म्हणजे मऊ छोटा पाव, हा या स्वयंपाकाचा प्राण होय. लाकडी पिंपात पीठ व पाणी कालवून आंबवण धरले जाई आणि विरजणाप्रमाणेच त्यातले रोज काढून तेवढीच भर घातली जाई. थंडीच्या रात्री आचारी ते पिंप स्वतःच्या पांघरुणात घेऊन झोपे, इतका त्याचा जीव त्यात असे. भाजण्याआधी आंबटपणा मारण्यापुरता सोडा घालून गोळे तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात, वितळलेल्या चरबीत घोळवून लावत. खाली निखारे आणि काठाच्या झाकणावरही निखारे.

कॉफीच्या हिरव्या बिया पूर्वी तव्यावर भाजाव्या लागत. आर्बकल कंपनीने अंडे व साखरेचा लेप दिलेल्या भाजक्या बिया विकायला काढल्यावर हे काम सुटले. पुडीतल्या पेपरमिंटच्या कांडीसाठी दळायला काउबॉय स्वतःहून पुढे येत.

‘सन ऑफ अ गन’ हा रस्सा नुकत्याच कापलेल्या वासराचे हृदय, यकृत, जीभ, मेंदू यांचा असे. त्यात ‘मॅरो गट’, म्हणजे दूध पिणाऱ्या वासराच्या पोटातील अर्धवट पचलेल्या दुधाने भरलेली नळी, नसेल तर जुने जाणकार त्याला ते नावच देत नसत. आजच्या बहुतेक कृतींतून नेमकी तीच वगळलेली असते.