हवामान बदलाच्या बातम्या मोजायच्या कशा?

हवामान बदलाचा विषय निघाला की माध्यमांविषयी दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली अशी की, वर्तमानपत्रं आणि वाहिन्या या संकटाकडे साफ दुर्लक्ष करतात, त्यांना राजकारणापलीकडे काही दिसत नाही. दुसरी बरोबर उलटी : माध्यमं नुसती भीती घालतात, खरं तर शास्त्रज्ञांमध्येच एकमत नाही. दोन्हीकडची मंडळी अगदी ठाम असतात. पण "किती बातम्या वाचून हे मत झालं?" असं विचारलं, की गाडी अडते.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही विधानं तपासता येतात. पृथ्वीचं तापमान मोजण्याचं जसं शास्त्र आहे, तसं बातम्यांमध्ये काय आहे हे मोजण्याचंही आहे. त्याला आशय विश्लेषण म्हणतात. हवामान बदलाच्या वार्तांकनाचा अभ्यास गेली तीनेक दशकं प्रामुख्याने याच पद्धतीने झाला आहे. त्यातला एक टप्पा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल सहसा कुणी लिहीत नाही, म्हणून पुढे त्यावर जरा जास्तच जागा खर्च करणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. 23 जून 1988 रोजी नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. तापमानवाढ सुरू झाली आहे आणि ती नैसर्गिक चढउतार नाही याची आपल्याला 99 टक्के खात्री आहे, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ही बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर होती. तोवर विज्ञान पुरवणीत राहणारा विषय राजकीय बातमीदारांच्या हाती आला. आणि राजकीय बातमीदाराला पहिला धडा काय मिळालेला असतो? दोन्ही बाजू घ्या.

हा धडा राजकारणात योग्यच आहे. करवाढ करावी की नाही, यावर दोन प्रामाणिक मतं असू शकतात. पण कार्बन डायऑक्साइडचा रेणू अवरक्त किरण शोषतो की नाही, यावर दोन मतं नसतात. मॅक्सवेल बॉयकॉफ आणि ज्यूल्स बॉयकॉफ या भावांनी 2004 साली नेमकं हेच तपासलं. अमेरिकेतली चार मोठी वर्तमानपत्रं, 1988 ते 2002 हा काळ, साडेतीन हजारांवर बातम्या आणि त्यातून यादृच्छिक पद्धतीने उचललेला 636 बातम्यांचा नमुना. निष्कर्ष असा निघाला की जवळपास 53 टक्के बातम्यांनी 'माणसामुळे' आणि 'निसर्गतःच' या दोन्ही म्हणण्यांना साधारण सारखी जागा दिली होती. सुमारे 35 टक्के बातम्यांत मानवी कारणावर भर होता, पण दुसरी बाजूही होती. त्याच वर्षी विज्ञानाच्या इतिहासकार नाओमी ओरेस्केस यांनी 1993 ते 2003 मधल्या 928 शोधनिबंधांचे सारांश तपासले. त्यांपैकी एकही निबंध शास्त्रज्ञांच्या एकमताच्या विरोधात नव्हता. म्हणजे संशोधनपत्रिकांत जो वाद नव्हता, तो वर्तमानपत्रांत रंगला होता. यात कुणी खोटं छापलं नव्हतं. प्रत्येक वाक्य कुणीतरी खरंच बोललेलं होतं. दिशाभूल झाली ती जागेच्या वाटपातून. हा दोष मला धादांत खोट्या बातमीपेक्षा घातक वाटतो, कारण तो निष्पक्षपणाच्या नावाखाली वावरतो.

आता खरा प्रश्न. 53 टक्के बातम्या 'समतोल' होत्या हे ठरवलं कुणी? वाचणाऱ्यानं. मग त्याचं मत आणि माझं मत यांत फरक काय राहिला?

अशा अभ्यासात एक लेखी नियमावली असते आणि ती हातात घेऊन प्रशिक्षित वाचक, म्हणजे कोडर, प्रत्येक बातमीला ठरलेल्या वर्गांपैकी एकात टाकतात. ऐकायला सोपं वाटतं. एक काल्पनिक बातमी घ्या. मथळा : 'समुद्राची पातळी वाढतेय'. पहिल्या चार परिच्छेदांत एका संशोधन संस्थेची आकडेवारी, कारण म्हणून जीवाश्म इंधनांचा उल्लेख. पाचव्या परिच्छेदात, 'मात्र काही तज्ज्ञांच्या मते हे नैसर्गिक चक्र असू शकतं', तज्ज्ञाचं नाव नाही. सहाव्यात एका मंत्र्याचं वाक्य, 'यावर अजून अभ्यास हवा'. ही बातमी समतोल, की मानवी कारणावर भर देणारी? मंत्र्याचं वाक्य विज्ञानाबद्दल आहे की धोरणाबद्दल? निनावी तज्ज्ञ मोजायचा की नाही? नियमावलीत याचं उत्तर आधीच असावं लागतं. नसलं, तर दोन कोडर दोन उत्तरं देणार आणि तुमचा 53 टक्क्यांचा आकडा वाऱ्यावर उडणार.

म्हणून काही बातम्या दोन कोडरना स्वतंत्रपणे, एकमेकींशी न बोलता वाचायला देतात आणि उत्तरं किती जुळतात ते पाहतात. समजा, बातम्या 100 आहेत आणि प्रश्न एकच : तापमानवाढीचं मुख्य कारण मानवी आहे, हे या बातमीत स्पष्ट सांगितलंय का? पहिलीनं 90 बातम्यांना 'हो' दिलं, 10 ना 'नाही'. दुसरीनंही 90 ना 'हो', 10 ना 'नाही'. ताडून पाहिलं तर 84 बातम्यांवर दोघींचं उत्तर एकच. 84 टक्के एकमत, म्हणजे चांगलंच की!

थांबा. या दोघींनी बातम्या न वाचताच, डोळे मिटून, फक्त 90 आणि 10 हे प्रमाण राखून शिक्के मारले असते तर? दोघींचा 'हो' एकाच बातमीवर पडण्याची शक्यता 0.9 गुणिले 0.9, म्हणजे 0.81. दोघींचा 'नाही' जुळण्याची शक्यता 0.1 गुणिले 0.1, म्हणजे 0.01. बेरीज 0.82. म्हणजे काहीही न वाचता सरासरी 82 बातम्यांवर एकमत झालंच असतं! वाचण्याच्या कष्टातून भर पडली ती फक्त 2 बातम्यांची. योगायोगापलीकडे जास्तीत जास्त 18 ची भर पडू शकली असती. 2 भागिले 18, उत्तर 0.11. जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञाने 1960 साली सुचवलेला 'कप्पा' हा निर्देशांक तो हाच. पूर्ण एकमताला तो 1 असतो, निव्वळ योगायोगाला 0. आमच्या उदाहरणातला 84 टक्क्यांचा रुबाब 0.11 वर येऊन आदळला.

वाया गेलेलं काय, ते नीट पाहा. पहिलीनं 'नाही' म्हटलेल्या 10 बातम्यांपैकी फक्त 2 बातम्यांना दुसरीनंही 'नाही' म्हटलं. उरलेल्या 8 तिला 'हो' वाटल्या. म्हणजे ज्या थोड्या बातम्या शोधायला हा सगळा खटाटोप, त्याच कोणत्या यावर दोघींचं जुळत नाही. हेच 84 टक्के एकमत, 'हो' आणि 'नाही' निम्मे निम्मे असताना मिळालं असतं, तर योगायोगाचा वाटा 50 झाला असता आणि कप्पा 34 भागिले 50, म्हणजे 0.68 आला असता. एकमताचा आकडा तोच, विश्वासार्हता कितीतरी वेगळी. वर्ग जितका दुर्मीळ, तितकी ही परीक्षा कडक. काही संख्याशास्त्रज्ञांना ती अवाजवी कडक वाटते, त्यामुळे पर्यायी निर्देशांकही आहेत. संवादशास्त्राचे अभ्यासक क्लाउस क्रिपेनडॉर्फ यांचा 'अल्फा' उलट्या बाजूने येतो, तो प्रत्यक्ष मतभेदाला अपेक्षित मतभेदाने भागून ते उत्तर 1 मधून वजा करतो. कोडर दोनाहून जास्त असले किंवा काही नोंदी सुटल्या असल्या तरी तो चालतो. त्यात 0.8 च्या वर निष्कर्ष भरवशाचा, 0.667 च्या खाली निष्कर्ष काढूच नये, असा दंडक आहे.

'97 टक्के शास्त्रज्ञांचं एकमत' हा सतत फेकला जाणारा आकडाही अशाच वर्गवारीतून आला आहे. जॉन कुक आणि सहकाऱ्यांनी 2013 साली 11,944 शोधनिबंधांचे सारांश तपासले. कारणाबद्दल भूमिका घेणाऱ्या सारांशांपैकी 97.1 टक्के मानवी कारणाच्या बाजूने होते. प्रत्येक सारांश दोघांनी स्वतंत्रपणे वाचला होता आणि सुरुवातीला 33 टक्के नोंदींवर त्यांचं जुळलं नव्हतं. मग त्यांनी फेरविचार केला, उरलेले वाद तिसऱ्या व्यक्तीने सोडवले. शिवाय मूळ लेखकांनाच आपापल्या निबंधांची वर्गवारी करायला सांगितलं, तेव्हा आकडा आला 97.2. स्वतःतला मतभेद छापून सांगणारा अभ्यास मला जास्त विश्वासाचा वाटतो.

या कसोट्यांतून उतरलेल्या निष्कर्षांनी सुरुवातीच्या दोन्ही तक्रारींना उत्तरं दिली आहेत. खोटा समतोल ओसरला आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या वर्तमानपत्रांच्या 2005 ते 2019 या काळाच्या अभ्यासात सुमारे 90 टक्के बातम्या विज्ञानाला धरून निघाल्या. बीबीसीनेही 2018 साली आपल्या पत्रकारांना लेखी कळवलं की चर्चेत समतोल आणण्यासाठी हवामान बदल नाकारणारा पाहुणा बोलावण्याची गरज नाही. भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या अभ्यासात तर हा दोष जवळपास दिसलाच नव्हता. तिथे वाद विज्ञानाचा नव्हता, श्रीमंत आणि गरीब देशांच्या जबाबदारीचा होता.

दुर्लक्षाचं चित्र मात्र खालीवर होतं. कोलोरॅडो विद्यापीठातून चालणारा एक प्रकल्प जगभरच्या वर्तमानपत्रांतल्या अशा बातम्या दरमहा मोजतो. त्याच्या आलेखात डिसेंबर 2009 च्या कोपनहेगन परिषदेला उंच टोक आहे आणि लगेच पुढे मोठी घसरण. वातावरणातला कार्बन डायऑक्साइड या काळात वाढतच होता, बातम्यांचा आलेख तेवढा खाली आला. लक्ष वेधतात परिषदा, अहवाल, आपत्ती. संथ वाढ ही बातमी होत नाही.

भीतीच्या तक्रारीत थोडं तथ्य आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये आयपीसीसीने, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने, सांगितलं की तापमानवाढ 1.5 अंशांवर रोखायची तर 2010 च्या तुलनेत 2030 पर्यंत कार्बन डायऑक्साइडचं निव्वळ उत्सर्जन सुमारे 45 टक्क्यांनी घटवावं लागेल. मथळ्यांत त्याचं झालं 'जग वाचवायला उरली 12 वर्षं'. हा मथळा आणि 21 डिसेंबर 2012 ला जगबुडी सांगणारे भविष्यवेत्ते यांच्यात वाचकाला फरक दिसेनासा होतो, आणि 2030 उजाडून जग तसंच दिसलं की विज्ञानच खोटं ठरवलं जाईल. उलट टोकही तितकंच वाईट. 2019 च्या युरोपातल्या उष्णतेच्या लाटांच्या बातम्या तपासल्या, तेव्हा मजकुरात मृत्यूचा धोका आणि छायाचित्रात पाण्यात डुंबणारी आनंदी माणसं, अशी जोडी सापडली.

आज हे वाचन यंत्रांकडे जात आहे. संगणक लाखो बातम्यांची वर्गवारी मिनिटांत करतो, 'अचूकता 90 टक्के' अशी जाहिरातही होते. पण 90 टक्के बातम्या 'हो' असतील, तर प्रत्येक बातमीला डोळे झाकून 'हो' म्हणणाऱ्या प्रणालीची अचूकताही 90 टक्केच भरते, तिचा कप्पा मात्र शून्य. शोधशब्दांची अडचण त्याआधीची. 'वातावरण तापलं' असं मराठीत शोधलं तर निवडणुकीच्या बातम्यांचा ढीग येईल, आणि उष्माघाताने माणसं दगावल्याची बातमी 'हवामान बदल' हे शब्द नसल्यामुळे निसटेल. म्हणून आता उष्णतेच्या लाटांच्या बातम्या वेगळ्या गोळा करून त्यांत हवामान बदलाचा उल्लेख आहे का, हे तपासतात. तिथे नवा पेच उभा राहतो. कॅनडातल्या लिटन गावात 29 जून 2021 रोजी 49.6 अंश तापमान नोंदलं गेलं. हवामान बदलाशिवाय ही लाट जवळपास अशक्य होती, असं सांगणारं शास्त्रीय विश्लेषण झपाट्याने झालं, तरी ते यायला 7 जुलै उजाडला. 29 जूनला लिहिणाऱ्या बातमीदाराला ते कसं ठाऊक असणार? त्याने 'संबंध असू शकतो' एवढंच लिहिलं, तर त्या बातमीला कोणता वर्ग द्यायचा, याचा नियम कोडरच्या हाती पहिली बातमी पडण्याआधी लिहून ठेवावा लागतो.