नोटर डेम फुटबॉल संघ : १९५६ चा हंगाम

इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील नोटर डेम विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा अपयशी हंगाम. दहापैकी आठ सामने गेले. विजयांपेक्षा पराभव अधिक, असे १९३३ नंतर प्रथमच घडले. तरीही त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी (महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा वार्षिक पुरस्कार) याच संघाच्या पॉल हॉर्नंगला (१९३५–२०२०) मिळाली. अशा संघातून ती पटकावणारा तो आजवरचा एकमेव खेळाडू होय.

विजय इंडियाना (२०–६) व नॉर्थ कॅरोलायना (२१–१४) या विद्यापीठांच्या संघांवरचे. या दोहोंमध्ये सलग पाच पराभव झाले. त्यांत घरच्या मैदानावर ओक्लाहोमाने ४०–० असा धुव्वा उडवला. पुढे आयोवाने ४८–८ अशी मात केली.

अपयशाच्या कारणांबाबत मतभेद आहेत. विद्यापीठाचे अध्यक्ष थिओडोर हेसबर्ग यांनी अभ्यासक्रमाला प्राधान्य देऊन खेळाडूंच्या शिष्यवृत्त्यांना कात्री लावली, त्याचे हे फळ, असे एक मत. दुसरे मत नवख्या खेळाडूंच्या भरण्यावर व दुखापतींवर बोट ठेवते. हेसबर्ग पदावर असतानाच १९५७ मध्ये सात विजय मिळाले, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रशिक्षक टेरी ब्रेनन यांचे तरुण वयही टीकाकार पुढे करतात. पण त्याच ब्रेनन यांनी पहिल्या दोन हंगामांत सतरा सामने जिंकून दिले होते.

हाइझमनचा निकाल त्याहून वादग्रस्त ठरला. मतदार तीन पसंती देत व त्यांना अनुक्रमे तीन, दोन, एक असे गुण असत. पहिल्या पसंतीची मते ओक्लाहोमाच्या टॉमी मॅकडॉनल्डला सर्वाधिक, २०५, पडली, हॉर्नंगला १९७. परंतु एकूण गुणांत हॉर्नंग १,०६६, टेनेसीचा जॉनी मेजर्स ९९४ व मॅकडॉनल्ड ९७३ असा क्रम लागला. मॅकडॉनल्डचाच सहकारी जेरी टब्स चौथा आला, म्हणजे ओक्लाहोमाची मते फुटली, असे सामान्यतः मानले जाते. सिराक्यूजचा कृष्णवर्णीय खेळाडू जिम ब्राउन पाचवा आला, याची खंत अनेक समीक्षकांनी पुढे व्यक्त केली. वर्णभेद कितपत कारणीभूत होता, हे केवळ आकड्यांवरून ठरवता येत नाही, पण तो प्रश्न गैरलागूही नाही.

हॉर्नंगने त्या हंगामात चेंडू फेकून (पासिंग) ९१७ व धावून ४२० यार्ड मिळवले; मात्र त्याचे १३ पास प्रतिस्पर्ध्यांनी अडवून घेतले. १९५७ च्या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत (ड्राफ्ट) ग्रीन बे पॅकर्स संघाने त्याची पहिल्याच क्रमांकावर निवड केली. ब्रेनन यांना डिसेंबर १९५८ मध्ये पदावरून दूर करण्यात आले.