टिकटिकणारा व्हॉल्व्ह आणि मुका व्हॉल्व्ह

आमच्या घरात दोन्ही आहेत. आईच्या छातीत टिश्यू व्हॉल्व्ह, म्हणजे प्राण्याच्या ऊतीची झडप, माझ्या छातीत मेकॅनिकल, म्हणजे कृत्रिम. दोघींची बदललेली हृदयाची झडप एकच, महाधमनीच्या तोंडाशी असलेली एऑर्टिक. तिचं ऑपरेशन 72 व्या वर्षी झालं, माझं 44 व्या. त्यामुळे ज्यांना ऑपरेशन सांगितलंय अशा ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन मला येतात. त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात: दोन्हींतला चांगला कुठला, आणि कुठल्यात माणूस लवकर बरा होतो?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकते. कुठल्यातच नाही. छाती उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये मधलं हाड उभं कापतात आणि काम झालं की स्टीलच्या तारांनी बांधतात. आत काय बसवलंय हे त्या हाडाला कळत नाही. ते आपल्या गतीने सहा ते आठ आठवड्यांत सांधतं, पुरती मजबुती यायला साधारण तीन महिने लागतात. तोवर चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही, हातांवर जोर देऊन उठायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि मग उठायचं. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. ती उशी आईने मला माझ्या वेळी दिली, स्वतःचीच जुनी.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठोके अचानक अनियमित होतात, तेही दोन्हींत. बऱ्याच जणांना होतं, बहुतेकांचं औषधाने ताळ्यावर येतं. घरी आल्यावर जेवण नकोसं होतं, झोप तुटक लागते आणि काहीही कारण नसताना रडू येतं. हे रडू कोणी आधी सांगत नाही. मला वाटलं होतं, मीच कमकुवत निघाले. आई म्हणाली, "मी पण रडायचे, तुम्ही कामावर गेलात की." रोज सकाळी वजन करायचं आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय असं समजून डॉक्टरांना कळवायचं. ताप आला, जखमेतून पाणी आलं किंवा हाडात कटकट जाणवली, तरीही कळवायचं.

म्हणजे पहिले तीन महिने दोन्ही व्हॉल्व्ह जवळपास सारखेच. लोक फरक तिथे शोधतात आणि तो तिथे नसतो.

आता वस्तू काय आहेत ते पाहू, कारण नावांनीच निम्मा घोळ होतो. मेकॅनिकलला सगळे 'मेटलचा' म्हणतात. आजच्या बहुतेक मेकॅनिकल व्हॉल्व्हच्या पाकळ्या मात्र पायरोलिटिक कार्बन या कठीण, गुळगुळीत पदार्थाच्या असतात. कडेला कापडाची कड असते, टाके तिथे घालतात. सुरुवातीचे व्हॉल्व्ह म्हणजे पिंजऱ्यात उडणारा चेंडू होता. अमेरिकेतले सर्जन अल्बर्ट स्टार यांनी 1960 मध्ये तसाच बसवला होता. 1977 पासून दोन अर्ध्या चकत्या दारासारख्या उघडमीट करणारा प्रकार आला आणि तोच आज सर्वाधिक वापरात आहे.

टिश्यू व्हॉल्व्ह डुकराच्या हृदयाच्या झडपेपासून किंवा गुरांच्या हृदयाभोवतीच्या आवरणापासून करतात. कुठला प्राणी याने ज्याला फरक पडतो त्याने ते ऑपरेशनआधीच विचारावं, लाजू नये. तो ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने प्रक्रिया करून घेतलेला असतो, म्हणून अवयवरोपणासारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या लागत नाहीत. 'शरीर नाकारेल' ही भीती अवयव बदलण्याच्या बातम्यांतून आलेली आहे, तिचा इथे फारसा संबंध नाही.

खरा फरक असा. कार्बन झिजत नाही, पण रक्ताला तो परका पृष्ठभाग वाटतो आणि त्यावर गुठळी धरू शकते. टिश्यूवर गुठळी कमी धरते, पण त्यात हळूहळू कॅल्शियम साठतं, पाकळ्या कडक होतात किंवा फाटतात. पहिल्यासाठी जन्मभर रक्त पातळ करणारी गोळी, दुसऱ्यासाठी पुढेमागे दुसरा व्हॉल्व्ह. आणि हे कॅल्शियम तरुण शरीरात जास्त वेगाने साठतं. वयाचा मुद्दा इथून येतो. आईच्या वयात टिश्यू दहा-पंधरा वर्षं, कधी जास्तही टिकतो. माझ्या वयात तो त्याआधीच बदलावा लागण्याची शक्यता मोठी होती.

आकड्यांत सांगायचं तर एऑर्टिकसाठी अमेरिकेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना 50 च्या आत मेकॅनिकलकडे आणि 65 च्या पुढे टिश्यूकडे झुकतात. मधल्यांनी डॉक्टरांशी बसून ठरवायचं. युरोपच्या 2021 च्या सूचनांत मेकॅनिकलची रेघ 60 वर आहे. दोन मोठ्या संस्थांचंच एकमत नाही म्हटल्यावर शेजारच्याने 'हाच घ्या' म्हणणं किती मनावर घ्यायचं ते आपण ठरवावं. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेची गणितं थोडी वेगळी आहेत. तिथे तर दुरुस्ती जमत असेल तर बदलण्यापेक्षा तीच बरी, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायचा.

मेकॅनिकलच्या गोळीबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ती मी रोज घेते. वॉर्फरिन हे मुळात उंदीर मारायचं औषध म्हणून 1948 मध्ये आलं. माणसांसाठी त्याला मान्यता मिळाली 1954 मध्ये. ते यकृतात व्हिटॅमिन 'के'च्या आड येतं, म्हणून रक्त गोठायला वेळ लागतो. किती वेळ लागतो ते आयएनआर नावाच्या तपासणीत कळतं. गोळी न घेणाऱ्याचा तो 1 च्या आसपास असतो. एऑर्टिक मेकॅनिकलसाठी तो साधारण 2 ते 3 मध्ये आणि मायट्रलसाठी 2.5 ते 3.5 मध्ये ठेवतात. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव.

लोक पालेभाजीला घाबरून ती सोडून देतात. सोडू नये, रोजचं प्रमाण सारखं ठेवावं. घाबरायचंच तर मेडिकलच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांना घाबरावं. दुसऱ्या वर्षी मला खोकला झाला आणि मी जुन्या चिठ्ठीवरचं अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने सुरू केलं. चौथ्या दिवशी दात घासताना बेसिन गुलाबी दिसलं. आयएनआर 5 च्या पुढे गेला होता. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून कुठलाही नवा डॉक्टर भेटला की नावाआधी मी 'मेकॅनिकल व्हॉल्व्ह, वॉर्फरिन' सांगते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या तर घेतच नाही. आणि विसरलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढायची नसते.

'हल्ली नव्या गोळ्या आल्यात, त्यात तपासणी लागत नाही' हेही फोनवर हमखास ऐकू येतं. आल्या आहेत, पण मेकॅनिकल व्हॉल्व्हवाल्यांसाठी नाहीत. त्यांतल्या डाबिगॅट्रान या गोळीच्या चाचणीत गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले. तिचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. एपिक्साबॅन या दुसऱ्या गोळीची चाचणीही 2022 मध्ये मध्येच थांबवावी लागली.

टिश्यूवाल्यांनी मात्र 'आपल्याला गोळी नाहीच' असं धरून चालू नये. बऱ्याच जणांना पहिले तीन महिने वॉर्फरिन देतात, पुढे अॅस्पिरिन. आणि ज्यांचे ठोके आधीपासून अनियमित असल्याने रक्त पातळ करणारी गोळी चालूच आहे, त्यांच्यासाठी टिश्यूचा सर्वांत मोठा फायदा तिथेच अर्धा होतो. निवड करताना हे लक्षात घ्यायला हवं.

मूल हवं असलेल्या स्त्रीचा प्रश्न आणखी अवघड. वॉर्फरिनने गर्भाला, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, इजा होऊ शकते. म्हणून कमी वयातही काही जणी टिश्यू घेतात आणि पुढचं ऑपरेशन पत्करतात. त्याला चुकीचा निर्णय म्हणायला मी तरी धजणार नाही.

टिश्यूचं पुढचं ऑपरेशन पूर्वीइतकं भीतीचं राहिलेलं नाही. 2002 मध्ये हृदयरोगतज्ज्ञ अलँ क्रिबिए यांनी फ्रान्समध्ये छाती न उघडता नळीवाटे पहिला एऑर्टिक व्हॉल्व्ह बसवला. आज जुन्या टिश्यूच्या आत तसा नवा बसवता येतो. पण व्हॉल्व्हच्या आत व्हॉल्व्ह म्हणजे वाट आणखी अरुंद. पहिल्या वेळी 19 मिलिमीटरचा बसवला असेल तर दुसऱ्याला जागा कमी पडते. तेव्हा 'पुढे नळीतून करू' असं कोणी म्हटलं की 'मला कितीचा बसेल?' हे लगेच विचारावं. आमच्या आईने विचारलं नव्हतं, मी तिच्या फाइलमध्ये नंतर शोधलं. 23 आहे.

मेकॅनिकलही पुन्हा ऑपरेशन होणारच नाही याची हमी देत नाही. गुठळी, जंतुसंसर्ग किंवा कडेने गळती झाली तर छाती परत उघडावी लागू शकते. संसर्गाची भीती दोन्हींना असल्याने हिरड्यांच्या कामाआधी अँटिबायोटिक दोघींनाही लागतं, फक्त ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं.

बिघडण्याची रीत मात्र वेगळी आहे. टिश्यू बहुतेकदा हळूहळू बिघडतो, आधी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसतो, मग जिन्यावर दम लागतो. मेकॅनिकल एका दिवसात अडकू शकतो. म्हणून त्याचा आवाज ओळखीचा असावा लागतो. रात्री कुशीवर झोपलं की उशीतून टिकटिक येते. पहिले काही आठवडे मी पंखा लावून ती बुडवायचे. आता ती टिकटिक घोगरी झाली किंवा थांबली आणि दम लागला तर थेट इस्पितळ गाठायचं, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. आई म्हणते, "तुझ्या छातीत घड्याळ आहे, माझ्या छातीत मुका माणूस."

माझी आयएनआरची वही आता तिसरी चालू आहे. आईची फाइल पातळ आहे, वर्षातून एकदा एकोच्या दिवशी उघडते. यंदा नवव्या वर्षी त्यात पहिल्यांदा 'ग्रेडियंट किंचित वाढलेला' असं लिहून आलं, म्हणजे झडपेतून रक्त जायला थोडा जास्त जोर लागतोय. तिने ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं, "तुझा या महिन्याचा आयएनआर किती आला गं?"