टाळूवरून केलेली सोनोग्राफी आणि सीएमव्ही: मेंदूच्या फोटोत नेमकं काय बघतात?

सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. मोठ्या माणसाला झाला तर थोडा ताप, नाहीतर तेही नाही, होऊन गेला तरी पत्ता लागत नाही. पण गरोदरपणात तो वारेतून बाळापर्यंत पोचला तर मेंदू आणि कान दोन्हीला धोका असतो, आणि वैताग असा की अशी दहातली नऊ बाळं जन्मतः ठणठणीत दिसतात.

पहिली तपासणी डोक्याच्या सोनोग्राफीची. बाळाची टाळू अजून भरलेली नसते, तिथे मध्ये हाडच नाही त्यामुळे ध्वनिलहरी आरामात आत जातात. जेल लावून प्रोब टेकवायचा, काम बाळाच्या बेडवरच होतं, रेडिएशन नाही की झोपेचं औषध नाही. स्क्रीनवर मधोमध काळं दिसतं ते व्हेंट्रिकल्स, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या. त्या फुगल्यात का ते बघतात, आणि त्यांच्या कडेने पांढरे ठिपके चमकत असतील तर ते कॅल्शियम, पेशी मेल्या तिथे साचलेलं. कडेलाच का, तर मेंदूच्या नव्या पेशी तिथेच जन्मतात आणि सीएमव्ही नेमका त्यांनाच धरतो. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये झिका या दुसऱ्या व्हायरसची साथ आली तेव्हा त्याची लागण झालेल्या बाळांत हे ठिपके बहुतेक करून बाहेरच्या बाजूला होते, मेंदूची करडी साल आणि आतला पांढरा भाग मिळतात त्या रेषेवर. म्हणजे ठिपके कुठे आहेत यावरूनही व्हायरस कोणता याचा अंदाज येतो.

एमआरआय त्याच्या पुढचं दाखवतो. मेंदूवरच्या वळ्या पडल्याच नसतील, सपाट असेल, तर इन्फेक्शन बहुधा गरोदरपणाच्या साधारण १८ आठवड्यांच्या आतलं. वळ्या आहेत पण बारीक बारीक, जास्तच, तर १८ ते २४ आठवड्यांच्या आसपासचं. वळ्या नीट आणि फक्त पांढऱ्या भागात डाग, तर उशिराचं. मला तर हे भारी वाटतं, आईला ताप आलेलाही आठवत नसतो आणि फोटो महिना सांगतो! बाळाला दूध पाजून, घट्ट गुंडाळून झोपवलं की बऱ्याचदा भूल न देताच एमआरआय होतो. सीटीत कॅल्शियम छान दिसतं पण रेडिएशन असतं, म्हणून आता शक्यतो टाळतात.

रिपोर्टमध्ये 'लेंटिक्युलोस्ट्रायेट व्हॅस्क्युलोपॅथी' वाचून आईबाप हादरतात. नाव भयंकर आहे खरं, पण मेंदूच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या जरा उजळ दिसतात एवढाच अर्थ, बऱ्याच निरोगी बाळांतही दिसतं, नुसत्या तेवढ्यावरून काही ठरत नाही.

उलट फोटो क्लीन आला म्हणून कानाची तपासणी सोडायची नाही, ऐकू येणं पुढे काही वर्षांतही कमी होऊ शकतं. आणि लघवी किंवा लाळेची पीसीआर टेस्ट पहिल्या २१ दिवसांतच करून घ्यायची, त्यानंतर पॉझिटिव्ह आली तर इन्फेक्शन पोटातलं की जन्मानंतरचं हे सांगता येत नाही. लक्षणं असलेल्या बाळांना व्हॅलगॅनसायक्लोव्हिर हे व्हायरसवरचं औषध सहसा सहा महिने देतात, तेही शक्यतो पहिल्या महिन्यातच सुरू करून.