नागपुरात कॉलेजला येणारी पोरं: आवड ठरायचं वय कसं खाली घसरलं

दरवर्षी ॲडमिशनच्या टाइमला एक वाक्य हमखास ऐकू येते, "आजकालच्या पोट्ट्यांना कशातच इंटरेस्ट नाही बापा." प्राध्यापक म्हणतात, बाप लोक म्हणतात, पानठेल्यावरचे काकाही म्हणतात. मला हे काही पटत नाही. इंटरेस्ट आहे, फक्त तो ठरायचं वय दर पिढीत खाली खाली येत गेलं आणि आता तर कॉलेजात पाय टाकायच्या आधीच सगळा निकाल लागून राहते. हे कसं झालं ते बघायला बरंच मागं जावं लागते.

हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस १८८५ चं. तेव्हा नागपूरला विद्यापीठच नव्हतं, आधी कलकत्त्याशी आणि मग अलाहाबादशी संलग्न, आपलं नागपूर विद्यापीठ झालं १९२३ मध्ये. शहर मध्य प्रांताची राजधानी, त्यामुळे कचेऱ्या इथे, कोर्ट इथे, १९३६ पासून तर हायकोर्टपण, मग शिकणारा पोरगा करणार काय, बीए आणि नंतर लॉ. पुढे सरन्यायाधीश झालेले हिदायतुल्ला मॉरिसचे, नरसिंह रावांचं वकिलीचं शिक्षणही नागपूरचंच. पण त्यात एक गोष्ट होती, पोरगा आधी दोन-चार वर्षं काहीबाही वाचायचा, डिबेट करायचा, इतिहासात नाहीतर इंग्रजीत रमायचा आणि मग ठरवायचा. अर्थात ही चैन कोणाला परवडायची ते वेगळं सांगायला नको.

१९५६ मध्ये नागपूरचं राजधानीपण गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली, आणि १९६४ मध्ये तिथेच डॉ. आंबेडकर कॉलेज सुरू झालं. माझ्या मते नागपुरातल्या कॉलेजचा चेहरा बदलला तो इथून. ज्यांच्या घरात आधी कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं अशा घरातली पोरं-पोरी वर्गात येऊन बसायला लागली. बँक, रेल्वे, पोस्ट, एजी ऑफिस, मास्तरकी, जिथे पक्की नोकरी तिकडे ओढा. याला कोणी आवड म्हणत नाही, पण घरातल्या पहिल्या पगाराची ओढ आवडीपेक्षा कमी असते का? आजही उत्तर-पूर्व नागपुरातल्या अभ्यासिका भरलेल्या दिसतात, एमपीएससी, पोलीस भरती, बँकिंग, त्याची मुळं तिथंच आहेत, हे फॅड काही यूट्यूबवरून आलेलं नाही.

इंजिनिअरिंग-मेडिकल तोवर मोजक्यांचं होतं. केमिकल टेक्नॉलॉजीचं एलआयटी १९४२ चं, मेडिकल १९४७ चं, इंजिनिअरिंगचं व्हीआरसीई म्हणजे आताचं व्हीएनआयटी १९६० चं. दोन गोष्टींनी खेळ पलटला. सत्तरीच्या मध्यात दहा-अधिक-दोन आलं आणि आर्ट्स-कॉमर्स-सायन्स हा फैसला पंधरा-सोळाव्या वर्षी करायची पाळी आली. मग १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित कॉलेजं उघडायला परवानगी दिली, वर्षभरातच वायसीसीई आणि रामदेवबाबा ही खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं सुरू झाली आणि नंतर तर शहराच्या चारी बाजूला इंजिनिअरिंग कॉलेजं उगवली. ज्याच्याजवळ थोडा पैसा आहे त्याचं पोट्टं इंजिनिअर, मग पुणं नाहीतर बंगलोर. पुढे दहाएक वर्षांमागं याच कॉलेजांत मेकॅनिकल-सिव्हिलच्या सीटा रिकाम्या राहायला लागल्या, काही कॉलेजं बंदही पडली, ते दिवस लोक लवकर विसरले.

पण खरी गंमत अकरावी-बारावीत झाली. क्लासवाल्यांचा टाय-अप आला. नाव एखाद्या लांबच्या ज्युनियर कॉलेजात, बसणं क्लासमध्ये. सकाळी क्लास, दुपारी डाउट सेशन, रविवारी टेस्ट, रात्री ओएमआर शीटचा हिशोब, आणि प्रॅक्टिकल म्हणजे बोर्डाच्या परीक्षेच्या आधी कोणाचं तरी जर्नल आणून उतरवून काढायचं. २०१८ मध्ये सरकारने सायन्सच्या ज्युनियर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरी लावायचं फर्मान काढलं, टाय-अप काही थांबला नाही. आता फाउंडेशन म्हणून आठवीपासूनच बसवतात. अशा पोराला फर्स्ट इयरला विचारलं की बाबा तुला काय आवडते, तर तो गप्प बसते, कारण त्याला हे आधी कोणी विचारलंच नाही ना. वरून २०२१ ची बॅच, दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षाच रद्द, वर्ग मोबाइलवर. तेव्हापासून कॉलेजात रोज जाणं हीच गोष्ट पोरांना ऐच्छिक वाटायला लागली असं मला दिसते.

आता कॅपचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय ॲडमिशनचा, ऑप्शन फॉर्म बघा. बाप फाइल घेऊन बसला आहे, डोमिसाइल, नॉन-क्रीमी लेअर, जातीची व्हॅलिडिटी, आणि पोरगी मोबाइलवर मागच्या वर्षीचा कटऑफ पाहून पाहून कॉलेज-ब्रँचचे कोड टाकून राहिली, आधी कॉम्प्युटर, मग एआय-डेटा सायन्स, मग आयटी, मग सायबर. पहिल्या राउंडला पहिलाच ऑप्शन लागला की सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे तीच पक्की, म्हणून वरचा नंबर टाकताना घरात अर्धा तास भांडण. २०२४ मध्ये तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, सीटांवरची मर्यादा काढली तशा कॉम्प्युटरच्या सीटा फुगल्या. त्याच वर्षी राज्याने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरातल्या मुलींची प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी माफ केली, मला विचाराल तर या सगळ्यात सगळ्यात कामाचा निर्णय हाच. नागपूरच्याच मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योगांच्या पट्ट्यात, टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, म्हणजे पोरीला पुण्याला पाठवायचं की नाही हा वादही थोडा नरम पडला.

बाकी आवड कॉलेजच्या बाहेर फुलून राहिली आहे. कोणी रील एडिट करते, कोणी शेअर बाजारात दोन हजार टाकून बसलं आहे, कोणी ढोल-ताशा पथकात, आणि हीच पोरं वर्गात मात्र मागच्या बाकावर.

नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनर आणलं, म्हणजे केमिस्ट्रीवाल्याला इतिहासही घेता येईल. कागदावर छान. पण कॉलेजात ज्या विषयाचा मास्तर आहे तोच मायनर मिळते, मास्तरांच्या जागा भरल्याच नाहीत तर पोरं निवडतील काय? संलग्न कॉलेजांतली या पॅटर्नची पहिली बॅच २०२४ ची, तिचं तिसरं वर्ष २०२७ मध्ये संपते. तेव्हा चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं की डिग्री हातात घेऊन निघायचं, हे पहिल्यांदाच विशीतल्या पोरांना स्वतः ठरवावं लागणार आहे. घरचे काय म्हणतील ते वेगळं.